फोन कणगीत होता

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. साक्षरतेचा वर्ग आमच्या विहारात भरायचा, आम्ही सोळाजण होतो. वर्ग संपला आणि पुस्तकं परत गेली. मग गावात वाचायला उरलं काय, तर एसटीची पाटी आणि खताची पोती. चार वर्षांत माझी बायको हरणाबाई जोडाक्षरं विसरली, पाठोपाठ वेलांट्या विसरली. मीसुद्धा अडखळायला लागलो. आलेलं परत जातंय, हे कळत होतं आणि करता काही येत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलात सांगलीच्या एका संस्थेचं पत्र आलं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली दहा गावं निवडून तिथं काँप्युटर ठेवणार होते. फोनच्या तारेतून त्यावर बातम्या आणि पत्रं येणार, तीही मराठीत. त्यासाठी आमच्या गावाची पाहणी होणार होती. ते पत्र मी तीनदा वाचलं. रोज नवीन मजकूर! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पण आमच्या माण तालुक्यात पाहणी म्हटलं की एकच, दुष्काळाची. साहेब आले की गाव होतं त्याहून वाईट दाखवायचं, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

सरपंच लालासाहेब माझ्याच वयाचे. ते म्हणाले, "गड्या, काँप्युटर असूदे न्हाईतर टँकर. सगळं हाय म्हटलं की नाव कापत्यात. आपुन गरीब दिसलो पायजे."

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू?

पाहणीच्या दिवशी सरपंचांनी शाळेचा फ्यूज काढून खिशात टाकला. ग्रामपंचायतीतला फोन उचलून आपल्या घरी जोंधळ्याच्या कणगीत पुरला. बायकांनी रिकाम्या घागरी रांगेत मांडल्या. मला कोरडा हातपंप हापसायचं काम मिळालं.

अकरा वाजता जीप आली. चारुशीला मॅडम आणि त्यांच्यासोबत अनीश नावाचा काँप्युटरवाला. मॅडमनी हातपंपाकडे बघितलंसुद्धा नाही.

"वीज आहे ना गावात?"

"कुठली वीज, बाई!" आक्काताई घागर आपटत पुढं आल्या. गावात त्यांच्याएवढा मोठा गळा कुणाचा नाही. "लगीन होऊन आले तवापास्नं अंधारात हाय मी."

"आणि फोन?"

"फोन म्हंजी काय असतंय वो?" मेंढरं राखणाऱ्या बिराप्पानं विचारलं. दर रविवारी हाच माणूस मुंबईच्या पोराशी अर्धा तास फोनवर बोलायचा.

मॅडमनी सुस्कारा टाकला. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्या खुणा करायला लागल्या. मी पंप सोडून जवळ गेलो. कागद दिसला की वाचल्याशिवाय मला राहवत नाही. बोट न लावता, ओठ हलवत मी तळाची ओळ वाचली. 'वीज व चालू दूरध्वनी नसल्यास गाव वगळावे.'

पुन्हा वाचली. वगळावे!

"थांबा!" मी ओरडलो. "लाइट हाय! फोनबी हाय!"

सगळा गाव माझ्याकडे वळला.

"धोंडिराम," लालासाहेब दातओठ खात म्हणाले, "ऊन लागलं का रं तुला?"

"सरपंच, खिशातला फ्यूज काढा. ह्यांस्नी लाइट-फोन हाय तेच गाव पायजे, न्हाई ते न्हवं. हितं लिवलंय. मी वाचलंय."

अनीश फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. "आत्ता सगळे नाही म्हणत होता. आता मी कशावर विश्वास ठेवू, आजोबा?"

"आमच्या बोलण्यावर ठेवूच नगा. लावून बघा."

लालासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि खिशात हात घातला. मग गावाला चेवच चढला. कुणी फ्यूज घेऊन शाळेकडे पळालं, कुणी कणगीकडे. शाळेतला दिवा लागला. फोन आला तो जोंधळे सांडतच.

"लाइट कवाच जात न्हाई आमची!" आक्काताई म्हणाल्या.

"आवं आक्का, जरा दमानं," बिराप्पा म्हणाला. "आत्ताच तर अंधारात व्हता तुमी."

आता मात्र मॅडमनाही हसू आवरेना.

ग्रामपंचायतीत फोन जोडला. अनीशनं पिशवीतून वहीसारखा मिटणारा काँप्युटर काढला आणि एका डबीतून तार फोनला लावली. डबीतून चिरकं ओरडणं सुरू झालं.

"मेंढरू अडलंय जणू," बिराप्पा पुटपुटला.

लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. मॅडमनी घड्याळ बघितलं. "अजून एकदाच. चारच्या आत इस्लामपूरला पोचायचंय."

हरणाबाईनं माझी बाही घट्ट धरली. ओरडणं सुरू झालं, लांबलं आणि एकदम थांबलं. अनीश टाळी वाजवून म्हणाला, "लागली! सांगली लागली!"

पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं उमटली. आमची, काना-मात्रांची अक्षरं. मॅडमनी कागदावरची 'नाही' खोडून दोन्ही ठिकाणी 'आहे' लिहिलं, खाली सही केली. "गाव घेतलं. पण सरपंच, फ्यूज जागेवर राहूद्या."

तिकडं कुणाचं लक्ष होतं! दारात, खिडकीत माणसंच माणसं.

"धोंडिराम, काय म्हणतीया सांगली? वाच की!"

मी पुढं सरकलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. "सांगली कार्यालय. तुमची लाइन मिळाली. गावात कोण कोण जमलंय, कळवा..."

"आणि? फुडं?" हरणाबाई पडद्याला नाक लावून उभी होती.

"दम धर," मी म्हणालो. "येतंय अजून."

"सांगू नगं," नवी ओळ उमटताच ती म्हणाली. "ही ओळ मी वाचते."