आचाऱ्याच्या ताटातलं मीठ

गच्चीवर कुरडया घालताना गिरिजाबाईंचे हात चिकानं माखलेले होते, म्हणून पहिला फोन त्यांनी तसाच वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा पदराला बोटं पुसून उचलला. सकाळी नवऱ्याचं रक्त घेतलेल्या लॅबमधला माणूस होता.

"काकू, आचारी घरी हायत का?"

"न्हाईत. लग्नाच्या कार्यालयावर गेल्यात. का?"

"त्यांचं पोटॅशियम लई वर गेलंय. सातला टेकलंय. म्या परत लावून बघितलं, तेवढंच आलं. सोलापूरच्या डाक्टर मॅडमला कळवलंय. त्या म्हणल्या, हाय तसं उचलून आणा. बसू नका, काकू. हे काळजाला धरतं."

गिरिजाबाई चिकाचं पातेलं उघडंच टाकून खाली धावल्या. जिन्यात चप्पल सापडेना, तशाच निघाल्या.

शिवलिंग आचारी म्हटलं की लोहारा तालुक्यात दुसरं काही सांगावं लागत नसे. लग्नाची तारीख लोक गुरुजींना विचारायच्या आधी त्यांना विचारत. गव्हाची हुग्गी असो, भज्याची आमटी असो, कढईवर नुसती वाफ हुंगून ते सांगत की मीठ किती कमी आहे. त्यांची आई शेजारच्या कर्नाटकातली, आळंदची. तिच्या तोंडची एक म्हण त्यांच्याही तोंडात बसली होती, "उप्पिगिंत रुची इल्ला." मिठापरीस चव न्हाय.

आणि नेमकं मीठच त्यांच्या ताटातून गेलं. साखरेचं दुखणं तर आधीपासून होतं. दोन वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, तपासात निघालं की किडन्या निम्म्याहून अधिक गेल्यात. घरात सुतक आल्यासारखं झालं. कारण थोरले भाऊ, महांतप्पा, याच दुखण्यानं गेले होते. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिसला जायचे आणि परत आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. शिवलिंगांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "मला त्या मशीनला बांधू नगा. त्यापरीस मेलेलं बरं."

सोलापूरच्या डॉक्टर, अश्लेषा मॅडम, वयानं लहान पण धीराच्या बाई होत्या. त्यांनी आधी एक गोळी दिली, मूळची साखरेची, पण किडनीलाही जपणारी. मग चार महिन्यांपूर्वी दुसरी, अगदी नवी. "महांतप्पांच्या वेळी ही नव्हती," त्या म्हणाल्या होत्या. "लघवीतून जे प्रोटीन वाहून जातंय ते ही आवरते. पण हिच्यामुळं रक्तात पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून तपासत राहायचं. आणि मीठ कमी म्हणजे कमीच."

महिन्याभरानं तपासलं तर सगळं ठीक होतं. तिसऱ्या महिन्यात लघवीतलं प्रोटीन निम्म्यावर आलं. मल्लेश, त्यांचा मुलगा, आता आचाऱ्याचं काम तोच बघायचा. त्यानं त्या दिवशी सोलापुरातच आनंदानं बापाच्या पायाला हात लावला.

गोळी लागू पडत होती, पण ताट तसंच राहत होतं. अळणी आमटीत भाकरी चुरून शिवलिंग तिच्याकडं बघत बसायचे. माणूस निम्मा झाला. शेवटी गिरिजाबाईंनीच वाट काढली होती, आणि ती कुणाला सांगितली नव्हती.

रिक्षा कार्यालयाशी थांबली तेव्हा मांडवात अक्षता पडत होत्या. गिरिजाबाई मागच्या बाजूनं चुलीकडं पळाल्या. मल्लेश भाताच्या डेगीवर वाकला होता. शिवलिंग कांद्याच्या पोत्यावर बसले होते, आणि उठायचा प्रयत्न करत होते. एकदा उठले, गुडघ्यात वाकले, परत बसले. कुणी बघितलं का म्हणून त्यांनी इकडं तिकडं बघितलं, तर समोर बायको.

"तू हितं? आनि चप्पल कुठंय?"

"उठा. सोलापूरला जायचंय."

"येडी का काय! पंगत बसायचीय अजून."

"मल्लेश!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की वाढपी पोरं थांबली. "गाडी काड. तुज्या बापाचं काळीज थांबंल, असं लॅबवाला म्हनतोय."

मल्लेशनं झारा तसाच डेगीत सोडला. भांडी वाहायचा पिकअप होता, त्याच्या पुढच्या सीटवर बापाला दोघांनी धरून चढवलं. पाय उचलून आत ठेवावे लागले, आणि ते ओल्या पोत्यासारखे जड लागले. गिरिजाबाई त्यांना खांद्यानं टेकू देऊन दाराशी बसल्या.

आष्टामोडाला हायवे लागला आणि मल्लेशनं गाडी सोडली. उन्हानं डांबर वितळल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मल्लेशनं तो आईच्या हातात दिला.

"शुद्धीवर आहेत ना? बोलतायत?"

"व्हय. पन पायात जीव न्हाय म्हनत्यात."

"त्यांना जागं ठेवा. आणि मला सांगा, खाण्यात काही बदल झाला का? शहाळं, मोसंबी, कसला काढा, दुखण्यावरची गोळी?"

"न्हाय, मॅडम. काहीच न्हाय. तुमी सांगितलेलंच देते."

"बरं. या लवकर. मी इथंच आहे."

"काय म्हनाल्या?" मल्लेशनं विचारलं.

"खान्यात काय बदल झाला का म्हनाल्या."

"कुणी काय खायला दिलं असंल तर सांग, आई," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "ज्यानं दिलं त्याला मी सोडनार न्हाय."

जळकोट मागं पडलं. गिरिजाबाई नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या आणि डोक्यात एकच शब्द फिरत होता. पोटॅशियम. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेला, तसा आणखी कुठंतरी ऐकलेला. कुठं? नळदुर्गचा किल्ला उजव्या हाताला दिसायला लागला आणि त्यांना आठवलं.

शांतलिंगच्या किराणा दुकानात. त्यांनी विचारलं होतं, बीपीवाल्यांनी खावं असलं मीठ मिळतं का? शांतलिंगनं फळीवरून एक पुडा काढून दिला होता. "ह्यात सोडियम कमी असतंय, काकू. त्याच्या जागी पोटॅशियम घालत्यात. लई जन नेत्यात." त्या हरखून गेल्या होत्या. डॉक्टरांचा शब्दही राहिला आणि नवऱ्याच्या जिभेलाही न्याय मिळाला! पुडा त्यांनी घरच्या मिठाच्या बरणीत रिकामा केला. आजाऱ्याचं मीठ म्हटलं असतं तर नवऱ्यानं ताट सरकवलं असतं, म्हणून बोलल्या नाहीत. आणि त्या दिवसापासून, चांगलं मीठ आहे म्हणून, हात जरा सैलच ठेवला. शिवलिंग मागून मागून आमटी घेत. ते बघून त्यांचं पोट भरायचं.

"अगं, हात किती गार पडलाय तुजा," शिवलिंग पुटपुटले. त्यांची जीभ जड झाली होती.

"बोला तुमी. झोपू नगा."

"काय बोलू?"

"काय पन बोला. हुग्गी कशी करायची ते सांगा."

ते सांगायला लागले. गहू कधी भिजवायचे, किती सडायचे. मधेच शब्द तुटत. इटकळच्या पुढं त्यांचे डोळे मिटले तेव्हा गिरिजाबाईंनी त्यांच्या गालावर चापट मारली. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्यावर हात उगारला नव्हता. मल्लेशनं हॉर्नवरचा हात काढला नाही, बोरामणी गेलं, सोलापूरचा पहिला सिग्नलही त्यानं मोडला.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. छातीला वायरी लावल्या, मशीनमधून कागद निघाला. मॅडमनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा आवळला. मग सगळं भराभर झालं. काळजाला आधार म्हणून एक इंजेक्शन हळूहळू शिरेतून दिलं, मग ग्लुकोजमधून इन्सुलिन, नाकावर वाफेचा मास्क, पाण्यात कालवलेली, पोटॅशियम ओढून घेणारी पांढरी पावडर प्यायला. गिरिजाबाई पायाशी उभ्या होत्या. पडद्यावरची हिरवी रेघ सरळ होईल या भीतीनं त्यांना पापणी मिटवत नव्हती.

बऱ्याच वेळानं मॅडम हातातला कागद खाली ठेवून शेजारच्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "ठोके सुधारतायत. नवी गोळी आजपासून बंद. केसपेपरवर लिहून ठेव, मानवत नाही. पुन्हा सुरू करायची नाही."

"पन मॅडम," मल्लेश म्हणाला, "त्या गोळीनंच तर फरक पडला हुता."

"माहीत आहे मला. मलाही वाईट वाटतं. पण खाण्यात काही नसताना पोटॅशियम एवढं चढत असेल, तर मी ती देऊ शकत नाही."

"मग फुडं?"

"आहेत त्या गोळ्यांवर जितकं खेचता येईल तितकं खेचू," त्या म्हणाल्या.

गिरिजाबाईंना महांतप्पांची ती भिंतीकडं वळलेली पाठ दिसली. बोललं तर मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, गावभर होईल की बायकोनंच घातलं. न बोललं तर कुणालाच कळणार नाही. बरणी घरी जाऊन मोरीत ओतली की संपलं. तरुण डॉक्टरनं पेन उघडलं.

"लिहू नगा," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"म्या मीठ बदललंय. बीपीवाल्यांचं. दुकानदार म्हनला हुता त्यात पोटॅशियम असतंय. मला काय म्हाईत, पोटॅशियम म्हंजी काय? चांगलं म्हनूनच घातलं. दीड महिना झाला, दोन्ही टायमाला घालतेय."

"आई!" मल्लेश ओरडला. "गाडीत इचारलं तवा..."

"थांबा तुम्ही," मॅडम त्याला म्हणाल्या आणि गिरिजाबाईंच्या जवळ आल्या. "किती घालत होता?"

त्यांनी बोटांनी चिमटीऐवजी चमचाभर माप दाखवलं. मॅडमनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. "काकू, ते मीठ धडधाकट किडनीवाल्याला चालतं. यांची किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, वर ही गोळी ते धरून ठेवते. हे सांगायला हवं होतं मी. मीठ कमी करा म्हणाले, पण हे नको असं नाही म्हणाले."

"तिला बोलू नगा."

आवाज पलंगावरून आला. शिवलिंगांनी मास्क बाजूला केला होता.

"मला पैल्याच दिशी कळलं हुतं. घोट गिळला की मागनं कडवट लागायचं. मिठाचं काम हाय माजं जलमभर, मला कळनार न्हाय का? म्या इचारलं न्हाय. इचारलं असतं तर हिनं बंद केलं असतं." त्यांना धाप लागली. "आनि पाय आठ दिस झाले लटपटतायत. लग्नसराई हाय म्हनून म्या बोललो न्हाय. चूक हाय ती माजी हाय."

मल्लेश दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग तोंडावरून हात फिरवत बाहेर निघून गेला. काचेतून दिसत होता, पिकअपच्या बोनेटवर डोकं टेकवून उभा होता.

"गोळीचं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"आत्ता बंदच. आधी हे खाली येऊ दे," मॅडम म्हणाल्या. "पण कायमची बंद असं नाही लिहीत."

पोटॅशियम उतरायला दोन दिवस लागले. घरी सोडलं ते पावडरीच्या पुड्या आणि ताकीद देऊन. पंधरा दिवसांनी दोघं एसटीनं सोलापूरला आले, रक्त दिलं, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. आत बोलावलं तेव्हा शिवलिंग आपल्या पायांनी गेले. मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"साडेचार. छान आहे. गोळी सुरू करू, अर्ध्या ताकदीची. महिन्यात परत तपासणी, आणि ती चुकवायची नाही. पावडर सध्या चालू राहील."

"म्हंजी मशीन न्हाय लागनार?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"लागणारच नाही असं मी नाही म्हणणार, काकू. पण लांब ढकलू. जितकं ढकलता येईल तितकं. आणि मीठ साधंच, दिवसाला सगळं मिळून लहान चमचाभर. त्यावर नाही."

परतीच्या गाडीत शिवलिंग खिडकीशी बसले. बोरामणीच्या अलीकडं त्यांनी तोंड उघडलं.

"चमचाभर म्हंजी कमी न्हाय, बग. भाकरीत घालायचंच न्हाय. भातात न्हाय. आमटी उकळताना घातलं की ते आत मुरतं, जिभेला लागतच न्हाय. ताटात वाढल्यावर वरून चिमूटभर टाकायचं, म्हंजी पैल्या घासालाच भेटतं. लसूण जरा जास्त भाजायचा. उद्या म्याच करून दाखवतो. ऐकतीस का?"

गिरिजाबाई ऐकत नव्हत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना झोप लागली होती. शिवलिंगांनी त्यांच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला खिडकीत आपला टॉवेल अडकवला, आणि फोडणीत जिरं आधी की हिंग आधी, याचा विचार करत नळदुर्गपर्यंत नुसतीच बोटं हलवत राहिले.