अबोल पाणी

ऑर्नेला घटकाभर तरी गप्प राहील, यावर आमच्या पेट्रोव्रिसी गावात कुणाचाच विश्वास नव्हता. बसणार कसा? ही बया मे महिन्यात इटलीहून आली ती आठवडाभर राहते म्हणून, आणि जून संपत आला तरी हलायचं नाव नाही. शाळेत घोकलेलं अडीच हजार वर्षांपूर्वीचं ग्रीक डोक्यात घेऊन आली होती. पहिल्या दिवशी तिने आर्गिरोच्या बेकरीत पाव मागितला, तेव्हा रांगेतल्या बायकांचे हात आपोआप क्रुसाची खूण करायला वर गेले. असलं ग्रीक त्यांनी फक्त पाद्रीबुवांच्या तोंडून ऐकलं होतं.

"अगं बाई, तुला पाव हवाय की प्रसाद?" आर्गिरोने विचारलं.

त्या दिवसापासून ऑर्नेला आर्गिरोच्याच माडीवर राहायला गेली, पहाटे तिच्याबरोबर कणीक मळायला लागली आणि बोलायला लागली. बापरे, काय बोलायची! शेळ्यांशीसुद्धा बोलायची. चुका करायची, आणि चूक कळली की टाळ्या पिटायची. पुस्तकातला एखादा शब्द चौकातल्या म्हाताऱ्याच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडला, की हिच्या अंगावर काटा यायचा. एकदा तर झऱ्याच्या डोणीला लावलेल्या जुन्या दगडावरचं शेवाळ तिने नखाने खरवडलं आणि किंचाळलीच. दगडावर अक्षरं होती. कुण्या बाईने मूल झालं म्हणून झऱ्याच्या देवतेचे आभार मानले होते.

"दोन हजार वर्षं! पेलागिया मावशी, दोन हजार वर्षांपूर्वीची बाई आहे ही!"

पेलागिया मावशी शेळीला पाणी पाजत होत्या. "असेल. आमच्याच कुणाची तरी असेल," त्या म्हणाल्या. हे ऐकून ऑर्नेलाने त्यांचा असा मुका घेतला की म्हातारीची काठी पडली.

तर क्लीदोनासचं खूळ याच बयेने काढलं. संत योहानाच्या सणाच्या आदल्या दिवशी कुमारिकांनी झऱ्यावरून अबोल पाणी आणायचं, त्यात ज्याने त्याने अंगठी, बटण, काही ना काही टाकायचं, लाल फडक्याने बांधून रात्रभर चांदण्यांखाली ठेवायचं, आणि सकाळी एकेक वस्तू बाहेर काढून दोन ओळींत ज्याचं त्याचं नशीब सांगायचं. गावात ते बंद पडलं होतं, कारण लग्नाच्या मुली सगळ्या शहरात गेलेल्या.

"कुमारिका काय बाजारातून आणू?" पेलागिया मावशी म्हणाल्या.

"मी आहे ना! आणि ही आर्गिरो!"

आर्गिरोने पिठाची मूठ तिच्या तोंडावर फेकली. "चाळिशी उलटली माझी! लोक हसतील."

"लग्न झालंय का तुझं? नाही ना?" मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आईबाप दोघं जिवंत आहेत? मग उचल घागर. आणि नीट ऐका दोघी. बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही, मागे वळून बघायचं नाही. एकीच्या तोंडून शब्द निघाला तरी दोघींचं पाणी बाटलं. सांडायचं आणि पुन्हा झऱ्यावर जायचं."

सणाच्या आदल्या दिवशी पहाटे कणीक मळताना आर्गिरोचा हात मध्येच थांबला. "सोमवारी सीफिस चाललाय," ती म्हणाली.

सीफिस म्हणजे मधवाला. माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. पाद्रीबुवांच्या दाढीपासून स्वतःच्या दुखण्यापर्यंत सगळ्याची थट्टा करणार. तो खरं कधी बोलतो ते कुणाला कळत नसे, त्याला स्वतःला तरी कळत असेल की नाही देव जाणे. आता मधमाश्यांच्या पेट्या घेऊन तो कायमचा थेसालीला भावाकडे निघाला होता.

"मग तू सांग ना त्याला!" ऑर्नेला म्हणाली.

"काय सांगू? इतकी वर्षं रोज सकाळी पाव घ्यायला येतो. त्याचं घर वरच्या अंगाला, तिथे दुसरी बेकरी आहे. तरी माझ्याकडेच येतो. विनोद करतो आणि जातो. एकदा, फक्त एकदा त्याने सरळ विचारलं असतं ना, तर 'हो' म्हणून पुढचा शब्द मी त्याला बोलू दिला नसता." मग तिने कणकेला असा गुद्दा हाणला की टेबल हललं. "आणि मीच विचारायचं? गावभर जोक होईल त्याचा. मेले तरी नाही विचारणार."

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोघी भरल्या घागरी खांद्यावर घेऊन झऱ्यावरून निघाल्या. पुढे काठी टेकत पेलागिया मावशी, मागे आर्गिरो, तिच्या मागे ऑर्नेला. आणि दोन्ही बाजूंना अख्खा गाव! इतक्या वर्षांनी चेकाळलेला गाव. यांना बोलायला लावायचं, हाच तर खेळ.

"ऑर्नेला, तुझ्या पलंगाखाली विंचू निघालाय!"

ऑर्नेला चालत राहिली.

"ऑर्नेला, ग्रीकांनी सगळी विद्या इटलीकडून उचलली, खरं ना?"

तिचे कान लालबुंद झाले, गाल फुगले, पण तोंड उघडलं नाही. लोक हसून लोळायचे बाकी होते. तिची छाती आनंदाने धडधडत होती. ओल्या घागरीचं पाणी मानेवरून ओघळत होतं आणि ती मनात म्हणत होती, त्या दगडावरची बाईसुद्धा याच वाटेने गेली असेल. एवढी वाट पार कर, ऑर्नेला. एवढं एक नीट कर. परकी बाई आली आणि सण नासवून गेली, असं कुणी म्हणता कामा नये.

अंजिराच्या झाडापाशी वळणावर सीफिस उभा होता. तो आर्गिरोच्या बरोबरीने चालायला लागला.

"आर्गिरो, माझ्याशी लग्न करशील?"

गावाने टाळ्या पिटल्या. "वा रे सीफिस! याला म्हणतात डाव! आता बोलणार बघा!"

"थट्टा नाही करत," सीफिस म्हणाला. त्यावर तर लोक आणखीच हसले. "इतकी वर्षं विचारायचं म्हणून येतो आणि पाव घेऊन परत जातो. आज तू बोलू शकत नाहीस ना, म्हणून धीर झाला. हो म्हणालीस तर पेट्या ट्रकवर चढवत नाही."

आर्गिरोची मान ताठ झाली. घागरीवरची बोटं पांढरी पडली. पण पुढे मावशींची काठी टकटक वाजत होती, मागे ऑर्नेलाची घागर होती, आणि सारा गाव बघत होता. ती चालत राहिली.

सीफिस थांबला. "बरं," तो म्हणाला. "कळलं."

ऑर्नेला त्याच्या अगदी जवळून गेली. त्याने टोपी काढली आणि परत घातली. मधमाश्यांनी भरलेली चौकट उघड्या हातांनी उचलणारा हा माणूस, आणि त्याला साधी टोपी सरळ बसवता येत नव्हती. मग तो वळला आणि डोंगराकडच्या पायवाटेला लागला.

ऑर्नेलाने पुढे पाहिलं. चौक आता दिसत होता. तिथे पोहोचल्यावर आर्गिरो बोलू शकली असती, हे खरं. पण तोवर हा गेलेला असणार. उद्या सकाळी हाच माणूस "कसं फसवलं!" म्हणून हसत पाव घ्यायला येईल, आणि ही मानी बाई त्याला पाव देईल, वर सुट्टे पैसेही मोजून देईल. दोघांनाही ती एव्हाना पुरती ओळखून होती. अरे देवा, आता काय करू? पाणी, मावशी, गाव, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"थांब!" ती ओरडली. "अरे थांब, गाढवा!"

'थांब' तिच्या शाळेतल्या पुस्तकातलं होतं, 'गाढवा' आमच्या गावातलं.

एकच गलका उठला. "बोलली! बोलली!" पोरं नाचायला लागली. पेलागिया मावशींनी काठी आपटली. "बाटलं! अगं कर्मदरिद्री, चौक समोर दिसत असताना? सांडा! दोघीही सांडा!"

ऑर्नेलाने घागर उपडी केली. आर्गिरोनेही केली आणि गर्रकन तिच्यावर वळली. "काय केलंस हे? कालपासून सांगतेय तुला, जिभेला जरा आवर..."

आणि तिथेच ती गप्प झाली. आपण बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. तिने ऑर्नेलाकडे पाहिलं. ऑर्नेला रडत होती आणि हाताने डोंगराकडे दाखवत होती.

आर्गिरोने रिकामी घागर तिच्या हातात कोंबली, स्कर्ट सावरला आणि पायवाटेच्या तोंडाशी जाऊन अशा आवाजात ओरडली की वरच्या घरांतली माणसं खिडक्यांत आली.

"सीफिस! इतकी वर्षं माझं तोंड उघडं होतं, तेव्हा तुझ्या जिभेला काय माश्या चावल्या होत्या? हो! ऐकलंस? हो म्हणतेय! आधी त्या पेट्या उतरव, मग खाली ये!"

आता कुणीच हसत नव्हतं. सीफिस वाटेवरच्या दगडावर मटकन खाली बसला. पेट्या अजून चढवल्याच नाहीत, एवढंच त्याने कसंबसं सांगितलं. मग मात्र जो आरडाओरडा झाला, तो झऱ्यापर्यंत गेला असेल. कुणी राकी दारूची बाटली आणली, कुणी आर्गिरोच्या बापाला सांगायला पळालं.

पेलागिया मावशी जागच्या हलल्या नाहीत. "हिचं लग्न आता ठरलं. हिच्या हातचं चालायचं नाही," असं म्हणून त्यांनी काठी ऑर्नेलाकडे रोखली. "आता तू एकटी. जा, भरून आण. आणि या खेपेला गावात आग लागली तरी तोंड उघडायचं नाही."

"मी? अजून मी चालेन?" ऑर्नेलाने विचारलं.

"मग काय मी जाऊ? पाच पोरांची आई?"

ऑर्नेला धावतच गेली, भरून आणली. परतीच्या वाटेवर तिला छळायला सगळ्यांत पुढे कोण असावं? आर्गिरो. एका हातात सीफिसचा दंड घट्ट धरलेला, जणू सोडला तर पळेल, आणि तोंड ऑर्नेलाच्या कानाशी.

"ऑर्नेला, लग्न सप्टेंबरमध्ये. तोवर राहशील? लग्नात माझ्या बहिणीच्या जागी उभी राहशील?"

ऑर्नेलाने ओठ दातांखाली दाबले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. ती चौकात पोहोचली, गुडघ्यांवर बसली आणि पाणी मातीच्या हंड्यात ओतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत पेलागिया मावशी वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी लाल फडकं बांधलं, सावकाश, दोन गाठी मारून.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोल, पोरी."