एकट्या माणसाच्या कोटातला फोटो

बायको नाही, पोर नाही, वय शेहेचाळीस, आणि हा माणूस अमेरिकेहून समुद्र ओलांडून आला कशाला, तर आमच्या आसेनला दत्तक न्यायला. मला सांगा, तुम्हाला तरी पटलं असतं का? गोरीगोमटी, धडधाकट पोरं सोडून आठ वर्षांचा, उजवं पाऊल आत वळलेला, तिरसट आसेनच कशाला हवा याला? मी पहिल्याच दिवशी वुतोवाबाईंना म्हटलं, "बाई, यात काहीतरी पाणी मुरतंय."

वुतोवाबाई म्हणजे आमच्या अनाथाश्रमाच्या प्रमुख. खुर्चीतून न हलता म्हणाल्या, "गिना, कागद राजधानीतून, सोफियाहून मंजूर होऊन आलेत. पाच दिवस तो मुलाबरोबर राहील. तू लक्ष ठेव आणि शेवटी अहवालावर सही कर. तेवढंच तुझं काम."

तेवढंच म्हणे! अहो, त्या सहीवर तर सगळं अडलेलं. मी इथे कपडे आणि न्हाणीघर बघते, सव्वीस वर्षं झाली. पण आसेन माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, म्हणून निरीक्षक म्हणून माझं नाव. मी 'वागणूक संशयास्पद' एवढे दोन शब्द लिहिले की हा कर्टिस आला तसा परत. आणि मी ते लिहिणारच होते. फक्त हाताला काहीतरी लागायला हवं होतं.

माणूस दिसायला गरीब गाय. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो म्हणे. नखांत काळं तेल मुरलेलं, बोलणं हळू. बरोबर दुभाषी पोरगी, रालित्सा. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "विचार त्याला, घरी कोण कोण असतं?"

"एक बहीण आहे, जवळच राहते," रालित्साने सांगितलं.

"तिला मुलंबाळं?"

तो खाकरला, खिडकीतून बाहेर बघायला लागला. मग म्हणाला, एक मुलगा आहे.

"मग दाखव की फोटो! आम्हालाही कळू दे कुठल्या घरात पोर चाललंय."

तर म्हणे, फोन खोलीवर राहिला. अगं बाई! फोन त्याच्या विजारीच्या खिशातून चांगला टम्म वर आलेला, आणि मी काय आंधळी होते? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

दुसऱ्या दिवशी तर कहरच. आसेनजवळ उकिडवा बसून विचारतो, तुला अगदी लहानपणचं काय आठवतं? कुणी माणूस आठवतं का? मी लगेच पुढे झाले. म्हटलं, "रालित्सा, याला म्हणावं, पोराला उकरू नकोस. इथली पोरं मागचं विसरतात म्हणून झोपू शकतात."

आसेन मात्र त्याला म्हणाला, "गिना मावशी आठवते." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी अंघोळ घालताना आसेनने मला हळूच विचारलं, "मावशी, मोठी मुलं म्हणतात, हे लोक मुलांना नेतात आणि पोट फाडून आतलं काढून विकतात. खरंय?"

"चल, काहीतरीच!" मी म्हणाले. पण जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कर्टिसने आसेनचा बूट काढून घेतला, तळव्याला कुठे घासतं ते बोटाने चाचपून बघितलं आणि आत चामड्याचा तुकडा बसवून दिला. पोरगं बरं चालायला लागलं. बाकीच्या बायका म्हणाल्या, किती गं प्रेमळ! मी म्हटलं, प्रेमळ असायला काय लागतं, पाच दिवस कुणीही प्रेमळ असतो.

चौथ्या दिवशी दुपारी जेवताना आसेनच्या हातातला पाव निसटला आणि पावावरची मिरचीची लाल चटणी कर्टिसच्या कोटावर. मी झटकन पुढे. "द्या, द्या, मी धुऊन देते." तो नको नको म्हणत होता, कोट घट्ट धरून होता. मी ओढूनच घेतला. न्हाणीघरात कडी लावली आणि आधी खिसे तपासले. हो, तपासले. लाज कसली, पोराच्या जिवाचा प्रश्न होता.

आतल्या खिशात फोटो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, गुबगुबीत गाल, दातांना तार, डोक्यावर टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेली. शेजारी हा कर्टिस, त्याच्या खांद्यावर हात टाकून. दहा मिनिटं मी तो फोटो उजेडात धरून बघत होते. रंग आमच्याकडच्या सावळ्या पोरांचा, त्या अमेरिकन माणसाचा नव्हे. म्हणजे एक पोर याने आधीच नेलंय! आणि कागदावर लिहिलंय, मूल नाही. मग हा कोण? आणि याचं पुढे काय झालं? कोट तसाच टाकला, फोटो घेतला आणि तडक बाईंच्या खोलीत.

वुतोवाबाईंनी कर्टिस आणि रालित्सा, दोघांना बोलावून घेतलं. फोटो टेबलावर ठेवला. "हा मुलगा कोण?"

कर्टिसचा चेहरा पांढराफटक. बाई म्हणाल्या, "आत्ता सांगा, नाहीतर मी सोफियाला फोन लावते."

तो दाराकडे बघायला लागला. मी म्हणाले, "बघा, बघा! चोराची तोंडं अशीच असतात." रालित्साने हे भाषांतर केलं नाही, पण त्याला कळलं असावं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकदम बोलायला लागला. रालित्सा ऐकता ऐकता मधेच थांबली. मग म्हणाली, "हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी इथूनच दत्तक नेलेला. त्याचं नाव रुमेन."

मी फोटो उचलला. टोपीच्या खाली, डाव्या भुवईत आडवा व्रण. न्हाणीघराच्या नळावर आपटून झालेला. औषध मीच लावलं होतं, फुंकर घालून. इतका वेळ बघून मला तो दिसला नव्हता, कारण मी पोराला बघतच नव्हते, गुन्हा शोधत होते.

रुमेन म्हणजे आसेनचा सख्खा भाऊ.

आता सांगते ते कुणाला कधी सांगितलेलं नाही. आमच्याकडे नियम असा, की भावंडं एकत्रच दत्तक द्यायची. एकच पळवाट: त्या दोघांना एकमेकांची ओढ नाही असं आश्रमाने लिहून दिलं तर वेगळी करता येतात. तेव्हा रुमेन सात वर्षांचा, आसेन दोनचा, उभाही राहत नव्हता. रुमेन त्याला दिवसभर पाठीवर घेऊन हिंडायचा, स्वतःच्या ताटातलं भरवायचा. अमेरिकेहून आलेल्या त्या नवरा-बायकोला मूल हवं होतं एकच, निरोगी. वुतोवाबाई म्हणाल्या, दोघं इथेच कुजण्यापेक्षा एक तरी सुटेल. 'ओढ दिसून येत नाही' असा कागद झाला. खाली बाईंची सही, साक्षीदार म्हणून माझी.

कर्टिस सांगत होता. रुमेनला इंग्रजी यायला लागल्यावर तो भावाबद्दल बोलायला लागला. आधी त्यांना वाटलं, पोर मनचं रचतंय. खरं कळेपर्यंत बहिणीचा नवरा अर्धांगाने पडला, तिला दुसरं मूल घेता येईना. म्हणून हा पुढे झाला. वकिलाने बजावलं होतं, रुमेनचं नाव तोंडातून काढू नकोस. जुना कागद खोटा निघाला तर जुनं दत्तकही उकरतील आणि रुमेनच हातचा जाईल. म्हणून हा चार दिवस ताकास तूर लागू देत नव्हता.

मग वुतोवाबाईंनी अहवालाचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"गिना, तुला काय लिहायचं होतं? लिही. अनोळखी मुलाचा फोटो सापडला, समाधानकारक खुलासा नाही. सही कर. हा जाईल, विषय संपेल."

"बाई, खुलासा तर आत्ताच केला ना त्याने."

"तुझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत. आणि त्या जुन्या कागदावर तुझीही सही आहे, विसरलीस?"

चार दिवस ज्या दोन शब्दांसाठी मी तडफडत होते, ते आता बाई मला हातात देत होत्या.

मी रालित्साला विचारलं, "मी खरं लिहिलं तर रुमेनला परत आणतील?"

"सहा वर्षांनी? कोर्ट मुलाला उठवून आणत नाही, मावशी," ती म्हणाली. "धरलं तर सह्या करणाऱ्यांना धरतील."

"मग विचार त्याला, लिहू का म्हणून."

कर्टिस माझ्याकडे बघत राहिला. असं बघणं मला नवं नव्हतं. चार दिवस मीच त्याच्याकडे असं बघत होते. तो काहीतरी म्हणाला, आणि रालित्साने मान खाली घालून सांगितलं, "ते म्हणतात, रुमेन सांगतो की फाटकापाशी एका बाईने त्याला गाडीत बसवलं आणि म्हणाली, रडू नकोस, बाळ मागच्या गाडीतून येतंय. विमानतळापर्यंत तो मागच्या काचेतून बघत होता. ते विचारतात, ती बाई तुम्हीच का?"

"मीच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? रुमेन गाडीचं दार सोडत नव्हता. एकेक बोट सोडवायचं होतं. मी खोटं बोलले आणि बोटं सुटली.

कर्टिसने पेन माझ्यापुढे धरलं, मी ते घेतलं. लिहिलं, की फोटोतला मुलगा आसेनचा भाऊ आहे. की दोघांना एकमेकांची ओढ होती, जिवापाड होती. की सहा वर्षांपूर्वी मी खोट्या कागदावर सही केली. की हा माणूस पोराला न्यायला योग्य आहे. वुतोवाबाई म्हणाल्या, "तुझं डोकं फिरलंय." मी सही केली, तारीख टाकली आणि कागद बाईंना न देता, थेट सोफियाला पोचवायला रालित्साच्या हातात दिला.

मग अंगणात गेले. आसेन तुतीच्या झाडाखाली बाकावर पाय हलवत बसला होता. मी शेजारी बसले.

"आसेन, ऐक. तुला एक मोठा भाऊ आहे. रुमेन नाव त्याचं. तू छोटा होतास तेव्हा तो तुला पाठीवर घेऊन हिंडायचा. या माणसाच्या गावीच राहतो. तुझी वाट बघतोय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे, डोळे बारीक करून.

"त्या माणसाने सांगितलं तुला?"

"हो. म्हणजे..."

"त्याने थाप मारली, मावशी. मला न्यायला." तो माझ्या हातावर थोपटायला लागला, अगदी मोठ्या माणसासारखा. "तू साधी आहेस, तुला कळत नाही. मला भाऊ असता तर तू मला आधीच सांगितलं असतंस."

"नाही रे राजा," मी म्हणाले. "थाप मीच मारली. मला माहीत होतं."

त्याचं थोपटणं थांबलं. त्याने हात काढून घेतला, आणि माझ्याकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून बसला.