कललेला मोजखांब

मित्रांनो, मनातल्या मनात एक बादली पाण्याने अर्धी भरा. तिच्यात काठी सरळ उभी धरा आणि कुठवर भिजली ते पाहा. आता तीच काठी तिरकी करा. पाणी तेवढंच, पण काठी जास्त भिजली ना? एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझी गोष्ट कळेल.

मी पाण्याची उंची दाखवणारा एक जुना मोजखांब आहे. तलावाच्या बांधाला लागून, पाणी सोडायच्या दरवाजाशेजारी उभा असतो. सुताराने मला चिवट लाकडातून घडवलं. रंगाऱ्याने अंगावर पट्टे ओढले आणि गळ्यापाशी लाल रेघ मारली. पाणी त्या रेघेला टेकलं की दरवाजा पूर्ण उघडायचा, नाहीतर बांध फुटेल, असा इथला नियम. माझं डोकं बांधाच्या वर आहे, त्यामुळे मला तलावही दिसतो आणि खालची आळीही.

पूर्वी येणारे-जाणारे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. पुढे सवयीने विसरले. अंगावर शेवाळ चढलं. नावाडीकाका तर माझ्या कमरेलाच नाव बांधू लागले. नाव हेलकावे खाई आणि तिच्या ओढीने मी हळूहळू कलत गेलो. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

एका वर्षी पाऊस उसंत घेईना. पाणी लाल रेघेला टेकलं. दरवाजा सांभाळणारे आजोबा चाक फिरवायला निघाले, तशी त्यांची नात रडवेली झाली. खाली ओढ्याकाठी तिची आत्या राहत होती, पदरात तान्हं बाळ. दरवाजातलं पाणी त्याच ओढ्यात सुटायचं आणि तो आधीच काठोकाठ भरला होता.

"आजोबा, आत्याच्या घरात पाणी शिरेल!"

"शिरेल गं बाळा. पण बांध फुटला तर सगळी आळीच वाहून जाईल. तिला बाळाला घेऊन माळ्यावर चढायला सांगितलंय मी."

नात माझ्याकडे बघत राहिली. "पण हा तर वाकडा उभा आहे! मी अशी उभी राहिले तर बाई माझी उंची मोजतील का?"

नाव बघायला आलेले नावाडीकाका हसले. "वाकडा कसला? म्हातारा झालाय, तुझ्या आजोबांसारखा."

"तुमच्या नावेने ओढून ओढून म्हातारा केलाय त्याला!"

आजोबा थबकले. मग त्यांनी आणि नावाडीकाकांनी नाव सोडली, बांधावरून दोर लावून मला सरळ केलं आणि भक्कम टेकू दिला. पाणी रेघेच्या चांगलं वीतभर खाली होतं.

"हात्तिच्या!" आजोबा म्हणाले. त्यांनी दरवाजा थोडासाच उचलला. पाणी बेताबेताने जात राहिलं आणि ते माझ्यावरची नजर न काढता तिथेच बसले. दुपारनंतर पाऊस ओसरला. ओढा आत्याच्या उंबऱ्यापर्यंत आला, पण आत गेला नाही.

आता माझं शेवाळ वेळच्या वेळी निघतं. मी सुखात आहे. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही निजता, तो नीट उभा आहे ना, हे अधूनमधून बघत जा. एवढंच माझं मागणं.

त्या संध्याकाळी नात आळीत धावली. आत्याचं दार सताड उघडं होतं, म्हणून मला दिसलं. आत्याने माळ्यावरून बाळ खाली दिलं. नातीने जमिनीला हात लावून पाहिला, कोरड्या फरशीवर गोधडी पसरली, बाळाला निजवलं आणि त्याच्या शेजारी स्वतःही लवंडली.