रानाची दृष्ट

"तुमच्या तोंडाला आता कुलूपच घालते बघा!" द्वारकामावशी सकाळच्या पारी नवऱ्यावर कडाडली, तवा मी बांधावर बसून दात घासत व्हतो. आमचं रान तिच्या रानाला लागून. त्यामुळं त्यांची भांडनं मला कायम पुढच्या रांगेत बसून ऐकाय मिळत्यात.

रावसाहेबकाकांचा गुन्हा एवढाच, की त्येंनी चहाच्या टपरीवर बसून सांगितलं, आमच्यासारखा ऊस अख्ख्या मांजरी गावात न्हाय. झालं! जो तो उठला आन् ऊस बघाय आला.

"गावाची नजर लागली की हो माझ्या रानाला!" मावशी म्हनली.

"अगं, उसाला काय नजर लागती?"

"तुमच्याशी लगीन करून मला लागली, तर उसाला का न्हाय लागनार?"

काका खुरपं घेऊन उसात शिरले. त्येंच्याकडं दुसरा इलाज बी न्हवता.

दिवस बी तसलेच व्हते. हडपसरकडं काचेच्या इमारती उठत व्हत्या, आन् आमच्याकडं जमिनीवर मीठ फुटत व्हतं. शहराचं सगळं घान पानी नदीत, नदीचं पानी उसाला, आन् रानं पांढरीफेक. त्यात सरकारनं प्रकल्प काढला. रानातलं खारं पानी झिरपून पुन्हा नदीत उतरू नये म्हनून मोठा चर खनायचा. चर न्यायचा तो मिठानं मेलेल्या रानातनंच, चांगल्या रानाला हात लावायचा न्हाय. मग कुठलं रान मेलंय आन् कुठलं जित्तं हाय, हे तपासाय बिबवेवाडीहून स्कूटीवर एक पोरगी यायची. उत्कर्षा म्याडम.

म्याडमनं मावशीच्या रानात एक पांढरा पाईप पार खालच्या पान्यापतुर गाडला आन् सांगितलं, "सोमवारी पाणी मोजते. चांगलं निघालं तर चर इथून जाणार नाही."

सोमवारी आम्ही सगळे पाईपाभवती जमलो. म्याडमनं मीटरची कांडी आत सोडली, आकडा बघितला, कांडी पुसली, परत सोडली.

"मावशी, कोकणात जायची गरज नाही तुम्हाला," ती म्हनली. "समुद्र इथंच आहे, तुमच्या उसाखाली."

"म्हंजी वं?"

"म्हणजे चर इथूनच जाणार."

मावशी मटकन खाली बसली. तिनं मूठभर माती उचलली. मग हळूच म्हनली, "बाई, ह्या रानातला दगड न् दगड म्या ह्या हातानं येचलाय. लगीन होऊन आले तवा हितं कुसळ बी उगवत न्हवतं. नका वं मधनं चर काढू." काकांनी तोंड फिरवून उपरन्यानं डोळं पुसलं.

म्याडमचा बी चेहरा पडला. तपासायला न्यायचं म्हनून तिनं दोरीनं बाटली आत सोडली, वर घेतली आन् उन्हात धरली. बघते तर आत मोहऱ्या! वर एक लाल मिरची तरंगतीय.

"मावशी," म्याडम म्हनली, "तुमच्या जमिनीखाली फोडणी कोण देतं?"

समद्यांनी मावशीकडं बघितलं. ती पदराशी चाळा कराय लागली.

"दृष्ट काढली व्हती रानाची," ती पुटपुटली. "ओवाळून वाहत्या पान्यात सोडायचं असतंय. पन नदी लांब, गुडघं दुखत्यात. म्हनलं, पाईपात बी पानीच हाय."

"मीठ किती टाकलंत?"

"मानसाला मूठभर लागतं. मग एवढ्या रानाला मूठभर कसं पुरंल? टोपलीभर टाकलं!"

काकांनी कपाळावर हात मारला. "आन् म्हनं माझ्या तोंडाला कुलूप!"

म्याडम मघापासनं ओठ दाबून उभी व्हती. तिला हसू फुटलं ते थांबंना. मग तिनं मोटार लावून पाईप उपसायला लावला आन् सांगितलं, "मी उद्या येते. तोवर ह्यात काहीही पडता कामा नये. हळदीकुंकूसुद्धा नाही."

मावशी पाईपापाशी राखन बसली. फुलपाखरू आलं तरी पदरानं हाकलायची. काकांनी भाकरी आनली, तर म्हनली, "लांबनं द्या, तुमच्या हाताला मीठ असंल."

दुसऱ्या दिवशी मीटर सोडला. पानी गोडं निघालं! चर पलीकडच्या मेलेल्या पड रानातनं न्यायचा ठरला. मावशीनं म्याडमच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सारा गाव त्या पोरीचं कौतुक करत व्हता.

जाताना म्याडम नदीचं पानी न्यायला काठावर उतरली. बाटली बुडवून भरतीय, तवर धारेच्या वरच्या अंगाला मावशी लंगडत आली, मूठ उघडली आन् नदीत मीठ-मोहऱ्या सोडून दिल्या.

"अहो मावशी!" म्याडम किंचाळली. "ह्याच नदीतलं मीठ कमी करायला एवढा प्रकल्प चाललाय! आता रानाला कोणाची नजर लागली?"

"रानाची न्हवं बाई, तुझी काढली," मावशी म्हनली. "समदा गाव तुझ्याकडंच बघत व्हता की. गुडघं दुखत व्हतं, तरी नदीपतुर आले. पाईपात न्हाय टाकलं."

मग म्याडमनं बाटली रिकामी केली, आन् मावशीच्या वरच्या अंगाला जाऊन पुन्हा भरली.