कव्हरखालची गाडी

रविवारी सकाळी सव्वानऊ वाजता कमळाकर टिपणीसांनी आपल्या गाडीच्या कव्हरचं एक टोक उचललं आणि आत गाडी नव्हती.

त्यांनी टोक खाली सोडलं. चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला आणि टोक पुन्हा उचललं. आत बांबू होते. सारखे कापलेले, सुतळीने आवळून बांधलेले. बॉनेटच्या जागी बॉनेटचा उतार, टपाच्या जागी टपाची गोलाई आणि आरशांच्या जागी दोन बाजूंना दोन उलटी टमरेलं. काम सुबक होतं. गणपतीची आरास करणाऱ्याचा हात लपत नाही.

गेले दहा आठवडे कमळाकर या गाडीभोवती रोज सकाळी साडेसात वाजता पाणी मारत होते.

उन्हाळ्यात गाडी झिजते, हा कमळाकरांचा आयुष्याचा विषय. होळी पेटली की त्यांची गाडी बंद. बॅटरीची वायर काढायची, टायरात हवा दोन पॉइंट वाढवायची, वायपर उभे करायचे, चंदेरी कव्हर घालून आठ गाठी मारायच्या. मग पाऊस पडेपर्यंत कव्हर उघडायचं नाही, कारण उघडलं की धूळ आत जाते आणि धुळीने रंगाला ओरखडे पडतात. फक्त रोज सकाळी भोवतालच्या मातीवर दोन बादल्या पाणी, टायरांना गारवा म्हणून. मग ते कंपनीच्या बसने बेलापूरला ऑफिसात जात. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी ‘उन्हाळा आणि आपले वाहन’ या मथळ्याखाली एक्केचाळीस मेसेज टाकले होते. त्यांचं ऐकून नवीन पनवेलातल्या त्या सोसायटीत आणखी पाच जणांनी आपापल्या गाड्या झाकल्या होत्या. सेक्रेटरी उदयसिंह त्यांत पहिले.

त्यांनीच आजचा कार्यक्रम ठरवला होता. दहा वाजता सर्वांसमोर कव्हर काढायचं, आठ वर्षांची गाडी कशी कोरी राहते ते दाखवायचं, आणि दयाराम मेकॅनिकने बॉनेट उघडून दुजोरा द्यायचा. लिफ्टमध्ये कागद लागला होता. ऑफिसात एकतीस वर्षांत कमळाकरांना कुणी कशाबद्दलही मत विचारलं नव्हतं. आज तीस कुटुंबं वही-पेन घेऊन येणार होती.

कमळाकरांच्या मनात पहिला विचार पोलिसांचा आला. दुसरा असा आला, की चोर गाडी नेतो. जाताना तिच्या मापाची बांबूची करून ठेवत नाही.

ते घरी गेले. शोभाताई स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या.

“खाली गाडी नाहीये,” कमळाकर म्हणाले.

“किती वाजले?”

“सव्वानऊ.”

“मग इतक्यात कशाला गेलात खाली? रविवारी तुम्हाला अंघोळीला पाऊण तास लागतो. तेवढ्यात बदलणार होतो आम्ही.”

‘आम्ही’ ऐकून कमळाकर जवळच्या स्टुलावर बसले. “गाडी कुठंय?”

“ओवे गावात. आपल्याकडे पोळ्यांना येते त्या भामाच्या अंगणात असते, चिंचेखाली. सावली आहे, काळजी करू नका.”

“असते म्हणजे?”

“होळीपासून. आम्ही दोघी डबे करतो ना, तळोजाच्या कारखान्यांसाठी. पहिल्या पाळीचे पंचेचाळीस, दुसऱ्या पाळीचे तीस. रिक्षात सांडायचे हो.”

“तू तर भजनाला जातेस.”

“भजन बुधवारी असतं. बाकीच्या दिवसांचं तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“चालवतं कोण?”

“मी. कधी भामा.”

सव्वीस वर्षांच्या संसारात कमळाकरांनी बायकोला गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवताना पाहिलं नव्हतं. “तुला येते?”

“मागच्या वर्षी क्लास लावला. लायसन आलं त्या दिवशी सांगणार होते, पण तुम्ही वायपरच्या रबराबद्दल सांगत होतात.”

“आणि बॅटरीची वायर?”

“तुमच्या सतरा नंबरच्या मेसेजमध्ये आहे की, कुठली आधी जोडायची ते. हवासुद्धा तुमच्या आकड्याप्रमाणेच भरते. सकाळी, टायर गार असताना. कूलंट पंधरा दिवसांनी बघते.”

आता जास्त धक्का कशाचा बसला, हे कमळाकरांना नीट ठरवता येईना. गाडी गेल्याचा होताच. पण ते मेसेज कुणीतरी वाचले होते.

“मला सांगायचं होतंस.”

“तुम्ही दिली असतीत?”

कमळाकरांनी प्रामाणिकपणे विचार केला. नसती दिली.

“भामा निघालीय,” शोभाताई हात पुसत म्हणाल्या. “चला, तोवर ते बांबू बाजूला घेऊ. गणपतीच्या आरासवाल्या दीनानाथने दोन तुकड्यांत केलंय, हलकं आहे.”

खाली कुणी नव्हतं. दोघांनी सांगाडा उचलला. मागचा तुकडा सहज आला, पुढचा येईना. कमळाकर वाकले. उजव्या चाकाच्या बाहेरच्या कडेला रोवलेल्या आखूड बांबूला मातीलगत कोंब फुटला होता. त्याला तीन पानं होती, कोवळी, पोपटी. दहा आठवड्यांच्या गारव्याचा तेवढाच हिशेब लागत होता.

“खतही घालत होतात की काय,” शोभाताई म्हणाल्या.

त्या बांबूची सुतळी सोडून त्यांनी तो कोंबासकट मातीतच ठेवला, बाकी सांगाडा पंपाच्या खोलीमागे गेला आणि गेटातून गाडी आत आली. चालवणाऱ्या भामाने डोक्यावरचा पदर जरासुद्धा ढळू न देता ती एका झटक्यात उलटी घेऊन जागेवर लावली. कमळाकरांना त्या जागेवर गाडी लावायला तीन वेळा मागेपुढे करावं लागे आणि एक माणूस मागे उभा लागे.

“दादा, गाडी ब्येस हाय,” भामा उतरत म्हणाली. “एसीपन गार मारतो. आमी डब्यांचा वास नाय ऱ्हाऊ दिला, लिंबू ठेवतो आत.” मग कोंबाकडे लक्ष जाऊन ती थांबली. “ह्यो कवा लावला?”

कमळाकर कव्हर चढवून गाठी मारत होते. दहा वाजत आले होते, त्यामुळे आठव्या गाठीपर्यंत पोचता आलं नाही.

दहा वाजता सगळे जमले. उदयसिंहांनी दोन शब्द सांगितले, ते वीस मिनिटं चालले. सेक्रेटरींच्या पत्नी अंकिता कोकम सरबताचा ट्रे घेऊन फिरत होत्या. कव्हर निघालं. गाडी चमकत होती. टाळ्या वाजल्या.

ओव्याच्याच दयारामने बॉनेटवर तळवा ठेवला आणि पटकन काढला. त्याने एकदा भामाकडे पाहिलं, मग कमळाकरांकडे.

“ऊन लय हाय यंदा,” तो म्हणाला.

“फार,” कमळाकर म्हणाले.

दयारामने बॉनेट उघडलं, पट्टा दाबून पाहिला, गाडी चालू केली, ब्रेक दाबला. “बॅटरी टकाटक. पट्टा मऊ. ब्रेक मोकळा. एक सांगू का? दरसाल जूनमध्ये ही गाडी मी टोचन करून गॅरेजला नेतो. बॅटरी मेलेली, ब्रेक गंजून धरलेला, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. उभी गाडी उन्हात लवकर मरते, हे मी सायबांना सहा वर्सं सांगतोय. यंदा पयल्यांदा जिती हाय.”

हे टोचन कमळाकरांनी सहा वर्षं पहाटे उरकलं होतं. तीस कुटुंबं त्यांच्याकडे बघत होती. पेनं उघडी होती.

“मग यंदा वेगळं काय केलंत, टिपणीस?” उदयसिंहांनी विचारलं.

कमळाकरांनी शोभाताईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या, अगदी शांतपणे. आता खरं सांगितलं तर उद्यापासून लिफ्टमध्ये कुणाच्या डोळ्याला डोळा देता येणार नव्हता. आणि न सांगितलं तर पंचाहत्तर डबे वाहणाऱ्या बायकोचं श्रेय खिशात घालून घरी जावं लागणार होतं.

त्यांचं तोंड उघडेपर्यंत उदयसिंहांना धीर निघाला नाही. “दयाराम, आता माझी बघ. मीही रोज पाणी मारतो.” ते शेजारच्या चंदेरी कव्हरकडे गेले आणि गाठ सोडायला वाकले.

अंकितांच्या हातातला ट्रे किणकिणला. कमळाकरांची नजर सहज कव्हरच्या खालच्या कडेला गेली. तिथून एक पोपटी पान बाहेर आलं होतं. कोवळं. त्यांनी पुढच्या कव्हरकडे पाहिलं. तिथेही. त्याच्या पुढच्याखाली चांगली वीतभर फांदी होती.

आयुष्यात इतका मोठा धक्का त्यांना सव्वा तासापूर्वीच बसलेला असल्यामुळे ते उभे राहू शकले.

“उदयसिंह,” ते म्हणाले, “गाठ सोडू नका.”

“का?”

“पाऊस पडेपर्यंत कव्हर उघडायचं नाही. धूळ जाते.”

“तुमचं उघडलंत ना?”

“माझी गाडी...” कमळाकर थांबले. मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. “माझी गाडी यंदा रोज चालली. शोभा चालवते. म्हणून ती जिवंत आहे. तुमची उभी आहे, तर आता हलवू नका. वाळलेलं रबर एकदम ताणलं की फाटतं.”

पहिली चार वाक्यं कुणी लिहून घेतली नाहीत. शेवटचं सगळ्यांनी घेतलं.

अंकिता ट्रे घेऊन थेट त्यांच्याकडे आल्या. “भाऊजी, सरबत,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या ग्लासात बर्फाचे दोन खडे जास्त टाकले.

सोमवारी सात वाजता शोभाताई गाडी घेऊन ओव्याला गेल्या. कमळाकरांनी पंपाच्या खोलीमागून सांगाडा एकट्याने ओढत आणला, कव्हर चढवलं आणि आठही गाठी मारल्या. आता त्यांची गाडी रोज चालते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकट्या त्यांचीच जागा रिकामी दिसली असती, तर उदयसिंहांना आपल्या कव्हरखाली बघावंसं वाटलं असतं. साडेसातला ते बादली घेऊन आले. शेजारी उदयसिंह पाणी मारत होते.

“आज चालवायला नेली नाही वाटतं वहिनींनी?” उदयसिंहांनी विचारलं.

“नाही. आज विश्रांती.”

“गारवा जाणवतो ना टायरांना?”

“जाणवतो,” कमळाकर म्हणाले, आणि दुसरी बादली उजव्या चाकाच्या बाजूला जरा जपून ओतली.