चार ठिपके

“उचलून तर बघ,” पद्माकर म्हणाला. “मनगटाएवढा जाड आहे. मिलिटरी ट्रकचा माल आहे बे यशवंता, असातसा नाही.”

मी उचलला नाही. सतरा वर्षं दिल्लीत, लष्कराच्या गाड्यांच्या सरकारी वर्कशॉपमध्ये मी रोज हेच उचलत आलो होतो. रविवारी दोन बस बदलून गुडगावला यायचं आणि याच्या गॅरेजमध्ये पुन्हा तेच उचलायचं, एवढी हौस मला नव्हती. समोर टेबलावर अ‍ॅक्सलचे दोन शाफ्ट ठेवले होते, काळ्या रंगात न्हाऊन निघालेले. गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये उजवीकडे एक आणि डावीकडे एक असा शाफ्ट असतो. इंजिनाचा सगळा जोर शेवटी त्याच्यावर येतो आणि तो चाक फिरवतो. तो तुटला की इंजिन कितीही ताकदीचं असो, गाडी जागच्या जागी ओरडत बसते.

हितेश सूद नावाच्या गिऱ्हाइकाची जीप तशीच ओरडत बसली होती. एकदा नाही, दोनदा. हे सूदसाहेब तयार कपडे परदेशी पाठवायचे आणि रिकाम्या वेळात दगडधोंड्यांतून जीप चालवायचे. जुन्या जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवून घेतलं, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर लावले, आणि मूळचा शाफ्ट मात्र बिचारा तसाच ठेवला. तो तुटणारच. आता त्यांना मजबूत अ‍ॅक्सल हवा होता आणि पद्माकरला माझा सल्ला हवा होता. निदान फोनवर तरी तो तसं म्हणाला होता. इथे येऊन बघतो तर अख्खा अ‍ॅक्सल शाफ्टसकट मायापुरीच्या भंगार बाजारातून घेऊन, जीपला जुळवूनसुद्धा झालेला. मी फक्त मान डोलवायची होती.

“अ‍ॅक्सलमधलं तुझ्याएवढं दिल्लीत कोणाला कळतं सांग,” तो म्हणाला. “तू हो म्हण, म्हणजे मी निश्चिंत.”

हे तो मनापासून म्हणत होता. त्याची हीच खोड मला सोसत नाही. लबाड असता तर बरं झालं असतं.

आम्ही दोघं नागपूरचे. वर्कशॉपमध्ये एकाच दिवशी चिकटलो. तो इंजिन सेक्शनला गेला, मी अ‍ॅक्सलला. ब्याण्णव साली त्याने चांगली पक्की नोकरी सोडली आणि गुडगावच्या नव्या सेक्टरांत, जिथे तेव्हा रस्ते होते पण घरं नव्हती, तिथे शेड टाकली. सहा महिन्यांत परत येऊन साहेबांच्या पाया पडेल, असं मी सगळ्या सेक्शनला सांगून ठेवलं होतं. आता शहाण्णव साल उजाडलं होतं. मधे एकदा आला खरा, पण मारुतीतून, आणि सगळ्यांसाठी पेढे घेऊन. मी दोन खाल्ले.

“अहो, बघितलंत का,” प्रेमला, माझी बायको, आतल्या ऑफिसच्या दारातून म्हणाली, “भाऊजींनी इथेसुद्धा कूलर लावलाय. कसलं गार वाटतंय!” आणि पद्माकरकडे बघून हसली. सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये मी दोन उन्हाळ्यांपूर्वी कूलर आणला, तेव्हा ती म्हणाली होती, आवाज फार करतो. त्याच्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्याकडे बघताना कधी आलेलं मला आठवत नाही. तिच्या मनात वावगं काही नव्हतं. तिला कर्तृत्वाचं कौतुक होतं, एवढंच. माझ्याकडे ते नव्हतं आणि त्याच्याकडे होतं. जळायला एवढं पुरतं.

शेवटी मी डावीकडचा शाफ्ट हातात घेतला. सवयीने अंगठा चाकाकडच्या चकतीच्या कडेवरून फिरवला आणि थांबलो.

रंगाखाली चार ठिपके होते.

आमच्या सेक्शनमध्ये शाफ्ट तपासून बाद केला की तपासणाऱ्याने कडेला पोगराने, म्हणजे टोकदार छिन्नीने, आपली खूण ठोकायची, अशी रीत होती. कागद हरवतात, लोखंडावरची खूण हरवत नाही. दिनकर दोन ठिपके ठोकायचा, सुधाकर तीन. चार माझे. बाद माल कापून लिलावात द्यावा असा नियम आहे. नियम खूप आहेत. हा शाफ्ट न कापता बाहेर पडला होता, कबाड्याने घासूनपुसून रंगवला होता, आणि फिरत फिरत माझ्याच हातात आला होता. का बाद केला ते आठवायचं कारण नव्हतं. मी कंटाळा आला म्हणून कधी खूण ठोकली नाही. यात तडा होता.

पद्माकरला आमच्या खुणा ठाऊक नव्हत्या. तो इंजिनवाला. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा होता.

“कसा आहे?”

“जाड आहे,” मी म्हणालो.

“मग बसवू?”

मला एवढंच म्हणायचं होतं की खडू आण, तडा दाखवतो. ते शब्द जिभेवर आलेही होते. तेवढ्यात त्याची बायको शालिनी पन्ह्याचे ग्लास घेऊन आली, मागून प्रेमला आली, आणि म्हणाली, “भाऊजींनी कोणाला विचारायची काय गरज आहे? त्यांनी आणलंय म्हणजे चांगलंच असणार.”

“बसव,” मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी रोज मनाची समजूत घातली. तुटेल तर सपाटीवर तुटेल. कोणाला लागणार नाही, फक्त पद्माकरचं नाक खाली होईल, आणि व्हावं. एकदा तरी व्हावं. सूदसाहेब चार लोकांत त्याला बोलतील, आणि मग तो माझ्याकडे येऊन म्हणेल, यशवंता, चुकलं रे. मी त्याला काय काय समजावून सांगेन तेही मी बसमध्ये उभ्याउभ्या जुळवत होतो. वर्कशॉपमध्ये त्याच आठवड्यात तीन शाफ्ट बाद केले. खुणा नेहमीसारख्या सरळ बसल्या. मला वाटलं होतं वाकड्या बसतील.

पुढच्या रविवारी चाचणी होती. गुडगावच्या बाहेर, अरवलीच्या बंद पडलेल्या एका खाणीत. पद्माकरने आम्हा दोघांना मारुती पाठवून बोलावून घेतलं. सूदसाहेबांचे मित्र आले होते, सतरंज्या अंथरल्या होत्या, थंड बाटल्या, पुरी-भाजी. समोर खडीचा चढ होता, जिन्यासारखा उभा, आणि खाली दगडांची खाई. जीप चढाच्या तोंडाशी उभी होती. तिच्या स्टिअरिंगवर पद्माकरची मुलगी मयुरा बसली होती.

“ही चालवणार?” मी विचारलं.

“मग? गाडी मुलीने वर नेली की सूदसाहेबांना भरवसा येईल,” पद्माकर म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगली चालवते. लहानपणापासून माझ्या मांडीवर बसून शिकलीये.”

मयुराने मला हात केला. “काका, आप भी बैठो ना! मज्जा येईल!” दिल्लीत वाढलेली पोर, मराठी असंच बोलायची. तिचं बारसं आमच्या क्वार्टरमध्ये झालं होतं, कारण तेव्हा पद्माकरला क्वार्टर मिळालं नव्हतं आणि मला मिळालं होतं. तेवढाच काळ मी त्याच्या पुढे होतो.

मी चढाकडे बघितलं. मधेच शाफ्ट तुटला तर गाडी मागे येते. खडीवर पायाचा ब्रेक पुरत नाही. आणि जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना धरत नाही, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याला धरतो. शाफ्ट तुटला की तोही गेला. हे मला ठाऊक होतं. सबंध आठवडा ठाऊक होतं आणि मी सपाटीच्या गोष्टी करत होतो.

तिने इंजिन चालू केलं. मी जाऊन जीपसमोर उभा राहिलो.

“उतर.”

“क्या हुआ काका?”

“आधी खाली उतर म्हणतो ना!”

पद्माकर धावत आला. मी म्हणालो, “डावा शाफ्ट बाहेर काढ. रॉकेल आण, आणि खडू आण.” त्याने पान्ह्यांची पेटी उघडली. काढायला अर्धा तास लागला. सूदसाहेब मित्रांसोबत सतरंजीवर बसून घड्याळ बघत होते. जीपच्या आडोशाला आम्ही दोघंच होतो. शाफ्टच्या आतल्या टोकाला दातरे असतात, त्यांच्या मुळाशी मी रंग खरवडून काढला, शाफ्ट तिथे रॉकेलने भिजवला, जरा वेळ थांबलो, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली आणि हातोडीने टकटक केलं. पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळी रेघ हळूहळू उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येतं, ते खोटं बोलत नाही. रेघ अर्ध्या शाफ्टला वळसा घालून गेली होती.

“बाप रे,” पद्माकर म्हणाला आणि खाली बसला.

बसल्यावर त्याची नजर चकतीच्या कडेवर गेली. पान्हा लागून तिथला रंग उडाला होता. त्याने ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“ही कोणाची खूण?”

“माझी.”

त्याला सगळं समजायला फार वेळ लागला नाही. इंजिनवाला असला तरी हुशार माणूस. “मागच्या रविवारी तू हात फिरवला होतास इथून,” तो म्हणाला.

“हो.”

“मग?”

“मग काय? तुझं बरं चाललंय ते मला बघवत नाही पद्माकर. चार वर्षं झाली, बघवत नाही.”

मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर मी हात वर केला नसता. त्याने मयुराकडे बघितलं. ती लांब उभी राहून दगडांवर दगड रचत होती. तेवढ्यात सूदसाहेब उठून आमच्याकडे यायला लागले. पद्माकरने बाजूच्या डब्यातलं ग्रीस अंगठ्यावर घेतलं आणि चारही ठिपके लिंपून टाकले.

“साहब, इनको देखिए,” तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाला. “यशवंत मेश्राम. आज इन्होंने मेरी बेटी को बचा लिया. यांच्या हाताखालून तडा सुटत नाही. अब एक्सल यही चुनेंगे, मैं नहीं.”

सगळे गोळा झाले. काळी रेघ बघून सूदसाहेबांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, कोणता घ्यायचा. मी सांगितलं. जाडीच्या मागे लागू नका. जीपचा मूळचा अ‍ॅक्सल परत बसवा, हा ट्रकचा फार जड आहे. फक्त शाफ्ट नवे करून घ्या, चांगल्या पोलादाचे, ओखल्याच्या कारखान्यात, आणि बसवण्याआधी प्रत्येकाला खडू लावा. मी सांगत होतो आणि सगळे ऐकत होते. असं कधी झालं नव्हतं. शालिनीचे डोळे भरून आले होते. आणि प्रेमला माझ्याकडे बघत होती. तेच, जे मी चार वर्षं त्याच्या वाट्याला गेलेलं बघितलं होतं, ते आज तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी होतं.

तेही मला पद्माकरने दिलं. एवढा मोठेपणा याला परवडतो कसा, असं त्याही क्षणी माझ्या मनात आलं. मी दोन पुऱ्या खाल्ल्या. पद्माकर सगळ्यांना वाढत होता, माझ्या ताटात त्याने शालिनीला वाढायला लावलं.

पद्माकर परत मारुतीतून सोडतो म्हणाला, मी नको म्हणालो. बसमध्ये प्रेमला मला खेटून बसली. खिडकीची जागा तिला आवडते, तरी आधी मला दिली होती, मीच तिला बसवलं.

“सांगा ना,” ती म्हणाली, “तुम्हाला एकदम कसं कळलं? गाडी तर चालू पण झाली होती.”

“अंदाज आला.”

“सतरा वर्षं करताय, मला कधी सांगितलं नाही तुम्ही, काय काम करता ते. मी आपलं समजायची, लोखंड उचलतात.” ती हसली. मग जरा वेळाने म्हणाली, “पण अहो, मागच्या रविवारी हातात घेतला होता ना तुम्ही तो? तेव्हा नाही दिसलं?”

“उजेड कमी होता,” मी म्हणालो.

मे महिना होता, दुपारचा एक वाजला होता, आणि गॅरेजचं शटर वरपर्यंत उघडं होतं. ती माझ्यापासून चार हातांवर उभी होती.

“हं,” प्रेमला म्हणाली. तिने माझ्या मांडीवरची डब्याची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि धौला कुआँ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.